वारसाच्या नावाने

मुख्य फाइल सभासदांची. दोन हजार तीनशे आठ माणसं
खाते क्रमांकाच्या रांगेत, एकसष्ट सालापासून,
कुणी कुणाला पुढे सरका म्हटलेलं नाही.
दुय्यम फाइल वारसांची. त्यांना स्वतःचा नंबर नसतो,
ज्याच्या मागे उभे, त्याचाच नंबर कपाळावर.

दांडिया बाजारात आमची पतपेढी.
खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही,
आणि पंख्याखाली संगणक,
ज्याला मी घरून विणून आणलेली टोपी घालते.

चेअरमन टिपणीस म्हणाले, यादी काढ,
पण वारसाच्या नावाने लावलेली.
मी म्हटलं, साहेब, ते नाव या फाइलमध्ये नाहीच,
ते दुसरीत आहे.
ते म्हणाले, घरात मीठ संपलं तर
शेजारून आणतेस ना? तसं आण.

मकरपुऱ्याहून भाविन आला.
"बेन, थई जशे," म्हणाला,
आणि तीन दिवस काही झालं नाही.
संगणकाचं एकच म्हणणं: ज्याचा रकाना त्याची रांग,
दुसऱ्याच्या रकान्याने मी माझी माणसं हलवणार नाही.

चौथ्या दिवशी, चिवड्याची पुडी संपता संपता,
त्याने खात्याला खातं लावून दोन्ही फायली शिवल्या,
गोधडीला अस्तर लावतात तशा.
मग म्हणाला, हवे अस्तरना रंग प्रमाणे.
म्हणजे वरची ठिगळं उचलायची
आणि खालच्या कापडाच्या रंगाने पुन्हा मांडायची.

छपाईयंत्र दुपारभर किरकिरत राहिलं.

संगणकाला बाराखडी येत नाही.
अनसूया, आबाजी, ऐश्वर्या, सगळे एकाच ए-खाली दाटीवाटीने.
त्यांच्यामागे त्यांचे सभासद, फरफटत आल्यासारखे,
पहिला पाचशेव्या जागी, चार दिवसांपूर्वीचा नवखा दुसऱ्या पानावर.

के-पाशी मी थांबले.
कुमुदिनी विनायक राजे. पुन्हा कुमुदिनी विनायक राजे.
पत्ता एकच, सलाटवाडा, वरचा मजला.
खाते तीनशे अकरा: नातं, बहीण.
खाते चौदाशे सहा: नातं, परिचित.
तीस वर्षं त्या दोघांमध्ये हजारावर माणसं होती.
आता एक ओळ, तिच्याखाली दुसरी,
मध्ये रिबनीची जराशी पुसट शाई.
चौदाशे सहा दर सात तारखेला येतात,
पंचवीस रुपये भरतात, पावती चार घड्या करून
चष्म्याच्या घरात ठेवतात.
मी कुणाला काही बोलले नाही.
पट्टी लावून पान फाडलं, एवढंच.

आणि सगळ्यांच्या वर, ए-च्याही आधी,
सतरा ओळी, ज्यांच्या वारसाचा रकाना रिकामा.
मोकळी जागा अक्षराच्या आधी लागते,
भाविन म्हणाला, नियमच आहे.
सहावी ओळ: खाते बावीसशे चौदा, सुलभा यशवंत दिघे.
म्हणजे मी.

टिपणीस म्हणाले, हे वर काय वाईट दिसतंय, काढून टाक.
भाविन म्हणाला, सोपं आहे, जोड दुसऱ्या प्रकारची लावली
की ज्याला जोडी नाही तो आपोआप गळतो.
त्याचं बोट कळीवर होतं.
मी म्हटलं, चहा घे आधी.

दुसऱ्या दिवशी अकराव्या ओळीतले फणसे
खिडकीशी आले, पासबुकावर व्याज चढवायला.
मी गुलाबी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो
उलटासुलटा पाहिला, चष्मा वर केला,
विचारलं, बाई, आणि लिहायला कुणी नसेल तर?

मी म्हटलं, तर रिकामं ठेवा.
यादीत तुमचं नाव आधी येतं.
ते हसले. मग म्हणाले, पेन द्या जरा.
पेन घेऊन ते बाकावर बसले,
आणि पेढी बंद होईपर्यंत बसूनच होते.